यंत्र शाबूत, दुभाष्या बेपत्ता

'कालबाह्य' हा शब्द जपून वापरावा, अशी शिस्त मराठीच्या अध्यापनात आहे. एखादी कादंबरी कालबाह्य म्हणायची तर तिच्यातले काय शिळे झाले, काय टिकले आणि काळ बदलला म्हणजे नेमके काय बदलले, हे दाखवून द्यावे लागते. पदव्युत्तर वर्गातला विद्यार्थीसुद्धा 'फार जुनी आहे' एवढ्या उत्तरावर सुटत नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र ही शिस्त कुठे जाते, कोण जाणे. 'हे उपकरण या प्रणालीवर चालणार नाही' असे एक वाक्य पडद्यावर उमटते आणि ते उपकरण कपाटाच्या खालच्या खणात जाते. ते वाक्य कोणी लिहिले, कोणत्या आधारावर लिहिले, त्यात कोणाचे हित आहे, असे प्रश्न कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख या एका वाक्यावर आहे.

निमित्त ताजे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी सुरक्षाविषयक दुरुस्त्यांची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, म्हणजे आणखी एका वर्षापुरती जाहीर झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली 'विंडोज ११' ही प्रणाली टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर मागते. या बदलामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील, असा अंदाज कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये वर्तवला होता. संगणकांच्या या भंगाराची थोडीफार चर्चा तरी झाली. पण संगणकाला जोडून वापरल्या जाणाऱ्या उपकरणांचे, त्यातही ध्वनिमुद्रणाच्या उपकरणांचे काय झाले, याविषयी साहित्याच्या वर्तुळात कोणी अवाक्षर काढलेले आमच्या ऐकिवात नाही. हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे, असे सर्वांनी गृहीत धरले. तो आपला आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आधी प्रश्नाचे स्वरूप समजून घेऊ. कॅसेट-डेकमधून अथवा मायक्रोफोनमधून येणारा आवाज हा विजेचा तरंग असतो. 'ऑडिओ इंटरफेस' नावाची एक छोटी पेटी तो तरंग सेकंदाला ४४,१०० वेळा किंवा त्याहून अधिक वेळा मोजते आणि मोजमापाचे आकडे तारेवाटे संगणकाकडे पाठवते. हे आकडे कोणत्या क्रमाने येणार, किती-कितीच्या गठ्ठ्यांनी येणार, मोजणी सुरू करण्याची आज्ञा कोणत्या संकेताने द्यायची, ही त्या पेटीची बोली असते. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम ही बोली जाणत नाही. तिची भाषा वेगळी. या दोघींच्या मध्ये बसून दोन्हीकडचे बोलणे पोचवणारी आज्ञावली म्हणजे 'ड्रायव्हर'. नाव चालकाचे असले तरी काम दुभाष्याचे आहे. पेटी ठणठणीत असावी, संगणक नवाकोरा असावा आणि दुभाष्या नसावा, अशी अवस्था आली की दोघेही एकमेकांसमोर मुके बसतात. पेटीत बिघाड काहीच झालेला नसतो. तिची बोली जाणणारा माणूस नोकरीवरून काढलेला असतो, इतकेच.

'काढलेला असतो' हे क्रियापद आम्ही जाणीवपूर्वक वापरत आहोत. दुभाष्या म्हातारा होऊन मेला, असा समज करून दिला जातो. वस्तुस्थिती तशी नाही. ऑपरेटिंग सिस्टीम बदलते तेव्हा तिचे व्याकरण थोडे बदलते. जुन्या ड्रायव्हरमध्ये त्यानुसार बदल करावे लागतात, आणि ते करायचे की नाहीत हे उपकरणाची निर्माती कंपनी ठरवते. पाच वर्षांपूर्वी विकून झालेल्या वस्तूसाठी नवा ड्रायव्हर लिहिण्यात कंपनीला नवा पैसा मिळत नाही. तो न लिहिल्यास मात्र नवी पेटी विकली जाण्याची शक्यता वाढते. तेव्हा निर्णय कोणत्या बाजूला झुकणार, हे सांगायला ज्योतिषी नको. निसर्गनियमाच्या वेशात आपल्यापुढे उभा केला जातो तो हा साधा व्यापारी निर्णय.

याचा जाहीर पुरावा २००८ सालचा आहे. जानेवारी २००७ मध्ये 'विंडोज व्हिस्टा' सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली. तिच्यात आवाजाची सगळी व्यवस्था नव्याने मांडलेली होती, आणि त्यामुळे असंख्य साउंडकार्डे एका रात्रीत लंगडी झाली. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह या कंपनीच्या कार्डांबाबत तक्रारींचा पाऊस पडला. ब्राझीलमधल्या एका हौशी प्रोग्रॅमरने कंपनीच्याच ड्रायव्हरांत दुरुस्त्या करून ती कार्डे व्हिस्टावर चालती केली आणि लोकांना वाटली. मार्च २००८ मध्ये कंपनीच्या उपाध्यक्षांनी जाहीर संदेश लिहून त्याला हे थांबवण्यास सांगितले. कोणत्या कार्डाला कोणत्या सोयी द्यायच्या हा व्यावसायिक निर्णय असून तो घेण्याचा अधिकार आमचाच आहे, असा त्या संदेशाचा आशय होता. लोकांचा संताप इतका उसळला की कंपनीला पवित्रा मवाळ करावा लागला. पण बोलून गेलेले वाक्य परत येत नाही. एरवी 'तांत्रिक अडचण' म्हणून जे सांगितले जाते त्याच्या तळाशी काय असते, ते कंपनीच्या अधिकृत तोंडून एकदा बाहेर पडले.

अशा घटना त्यापुढेही घडत राहिल्या. ३२-बिट प्रणालींसाठी लिहिलेले ड्रायव्हर ६४-बिट प्रणालीवर चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. ॲपलने ऑक्टोबर २०१९ च्या 'कॅटलिना' प्रणालीपासून ३२-बिट आज्ञावल्या बंद केल्या. २००० नंतरच्या दशकात चांगल्या प्रतीच्या ध्वनिमुद्रणासाठी फायरवायर नावाची जोडणी सर्रास वापरली जाई. ती जगात रुजवण्यात ॲपलचाच मोठा वाटा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या 'टाहो' प्रणालीतून त्याच ॲपलने फायरवायरचा आधार काढून टाकला. हजारो स्टुडिओंतल्या त्या पेट्यांचे धातूचे डबे, आतले सुटे भाग, आवाज मोजण्याची क्षमता, सगळे जसेच्या तसे आहे. माणसाच्या कानात या काळात काही फरक पडलेला नाही, आणि मोजण्याच्या आवाजातही नाही.

आता हा प्रश्न आमच्यापर्यंत कसा येतो ते सांगतो. बीड जिल्ह्यातले धर्मापुरी हे गाव अभ्यासकांना किल्ल्यासाठी आणि केदारेश्वर मंदिराच्या बाह्यभिंतीवरील सुरसुंदरींसाठी माहीत आहे. या गावात आणि भोवतालच्या वाड्या-तांड्यांवर आमच्या आधीच्या पिढीतल्या अध्यापकांनी १९९० च्या दशकात लोकसाहित्याचे क्षेत्रकार्य केले. जात्यावरच्या ओव्या, पाळणे, भारुडे, मरणाच्या वेळचे विलाप असे बरेच काही त्यांनी साध्या कॅसेटींवर उतरवले. त्या कॅसेटी आमच्याकडे आल्या. महाविद्यालयाला मिळालेल्या अनुदानातून घेतलेला एक ऑडिओ इंटरफेस होता; डेकमधून त्यात आणि त्यातून संगणकात, अशा मार्गाने कॅसेटींचे अंकीकरण चालू होते. नवे संगणक आले, नवी प्रणाली आली आणि पेटी बंद पडली. कंपनीला विचारले तेव्हा उत्तर आले की हे मॉडेल आता आधाराच्या यादीत नाही, नवे मॉडेल पाहावे. कंपनीचे नाव देण्याचे कारण नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. तीच पेटी एका जुन्या संगणकाला जोडली की आजही स्वच्छ आवाज देते. पण त्या संगणकाची हार्डडिस्क आता कुरकुरू लागली आहे. म्हणजे आमचा सगळा संग्रह एका कुरकुरणाऱ्या तबकडीवर टांगलेला आहे.

धर्मापुरीतल्या एका प्रौढ बाईंनी आम्हांला विचारले होते, "सर, माझ्या मायचा आवाज हाय म्हनं तुमच्याकडं. एकडाव आयकवा की." आम्ही म्हणालो, "मावशी, थोडं थांबावं लागेल. यंत्राचं जमत नाहीये." त्यांनी विचारले, "बिघडलं का?" या प्रश्नाला खरे उत्तर 'नाही' असे होते. बिघडले असते तर अंबाजोगाईत किंवा लातूरला दुरुस्त करून आणले असते. न बिघडलेली वस्तू दुरुस्त करायची कशी?

पणाला काय लागले आहे ते इथे स्पष्ट व्हावे. कॅसेटची चुंबकीय फीत अमर नसते. तिच्यावरचा थर सुटतो, ती चिकटते, एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. मराठवाड्याचा उन्हाळा या कामी हातभार लावतो. जाते घराघरातून गेले, गिरणी आली. पहाटे दळताना ओवी गाणाऱ्या बाया एकेक करून गेल्या. ज्या ओव्या केवळ त्या फितीवर आहेत, त्यांना दुसरी प्रत नाही. ओवीचा छापील पाठ हाती असला तरी तो ओवीचा अर्धाच भाग. जात्याच्या फेऱ्याबरोबर लांबवलेला स्वर, दोघींपैकी एकीने टाकलेली आणि दुसरीने उचललेली ओळ, मध्येच थांबून भरलेला श्वास, हे कागदावर येत नाही. मौखिक वाङ्मयाची संहिता ध्वनीत असते, हे आपण वर्गात शिकवतो. ते खरे असेल तर ध्वनी वाचणारे यंत्र बंद पडणे म्हणजे हस्तलिखिताच्या दालनाला कुलूप लागणे होय.

आवाज वेळेवर सोडवला तर काय होते, याचे उदाहरण बीड जिल्ह्यातच आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल या संगीताभ्यासक अभियंत्याने त्यांना संगणकीय संग्रहाचे रूप दिले आणि ध्वनिमुद्रणेही केली. माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्या १९९६ मध्ये मुद्रित झाल्या होत्या. २०१७ मध्ये पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने त्या लोकांपुढे आणल्या, आणि जगात कुठेही बसून त्या ऐकता येऊ लागल्या. दलित स्त्रीच्या शब्दाला मराठी वाङ्मयेतिहासात किती जागा आहे, याचा फेरविचार करायला लावणारा हा ठेवा आहे. तो हाती लागला, कारण मधल्या वर्षांत कोणीतरी आवाज एका माध्यमातून दुसऱ्यात, एका प्रणालीतून दुसरीत वाहून नेत राहिले. ज्या संग्रहांना असा वाली मिळाला नाही त्यांचे काय? गावोगावच्या महाविद्यालयांत, अभ्यासकांच्या घरांत, भजनी मंडळांच्या पेट्यांत अशा कॅसेटी पडून आहेत. त्यांचे अंकीकरण करू शकणारी यंत्रे शेजारच्याच कपाटात आहेत. दोहोंच्या मध्ये एक बंद केलेला ड्रायव्हर आहे.

आता आमच्यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप सुरक्षेचा. ड्रायव्हर हा ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात काम करतो. तो सदोष असला तर सगळा संगणक कोसळतो. हे खरे आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या गाभ्यात चालणाऱ्या आज्ञावलीला चुकीचा नवा मजकूर मिळाला, आणि मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत गोंधळ उडाला. जुने, दुर्लक्षित ड्रायव्हर गाभ्यात शिरू देऊ नयेत, हे धोरण म्हणून आम्हांला मान्य आहे. परंतु या युक्तिवादातून निघते ते इतकेच, की जुना ड्रायव्हर दुरुस्त झाला पाहिजे. तो दुरुस्त करू नये आणि दुसऱ्या कोणालाही करू देऊ नये, असा निष्कर्ष त्यातून काढणे ही तर्कदुष्टता आहे. जुन्या पुलाला तडा गेला म्हणून वाहतूक थांबवणे समजू शकते. गावकऱ्यांनी स्वखर्चाने तो सांधू म्हटले तर नकाशा दाखवणार नाही म्हणणे, हे मात्र समजण्यापलीकडचे आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. कंपनीने विकलेल्या प्रत्येक वस्तूला जन्मभर सांभाळावे काय? आम्ही तसे म्हणत नाही. कंपनीला सांभाळायचे नसेल तर तिने बाजूला व्हावे आणि त्या पेटीच्या बोलीचे व्याकरण प्रसिद्ध करावे. लिहिणारे जगात आहेत. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्या मंडळींनी २००७ मध्ये जाहीर केले होते की, कोणत्याही कंपनीने आपल्या उपकरणाचा तपशील द्यावा, आम्ही ड्रायव्हर फुकट लिहून देऊ. त्यांचे काम पोकळ नव्हते, हे आज दिसते: विंडोज आणि ॲपलने केव्हाच टाकून दिलेली कितीतरी साउंडकार्डे लिनक्सवर आजही चालतात. ॲपलने २०२५ मध्ये सोडलेल्या फायरवायरचा सांभाळ २०२९ पर्यंत करण्याचे लिनक्समधल्या त्या विभागाच्या प्रमुखाने ठरवले आहे. एका माणसाला जे जमते ते एका बलाढ्य कंपनीला परवडत नाही, हे म्हणणे निदान साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी जसेच्या तसे स्वीकारू नये.

तिसरा आक्षेप अधिक आपुलकीने घेतला जातो. 'आता मोबाइल आहे ना! कॅसेट वाजवा, समोर मोबाइल धरा.' हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा तसे करून पाहावे. खोलीतला पंखा, रस्त्यावरची जीप, डेकच्या लहान स्पीकरची मर्यादा, हे सगळे त्या ओवीवर कायमचे गोंदले जाते. शिवाय मोबाइलमधल्या ध्वनिमुद्रणाच्या सोयी बहुधा बोलण्यासाठी जुळवलेल्या असतात. दीर्घ लांबवलेला स्वर त्यांना गोंगाट वाटू शकतो आणि त्या तो दाबतात. हस्तलिखिताची प्रत करायला सांगितली असता लांबून छायाचित्र काढून आणणाऱ्या विद्यार्थ्याला आपण काय म्हणतो?

चौथा आक्षेप आपल्याच क्षेत्रातला आहे आणि तो सर्वांत घातक आहे. 'हा तांत्रिक विषय, आपला संबंध अर्थाशी.' या विभागणीचे फळ मराठीने आधीही चाखले आहे. युनिकोडपूर्व काळात प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा आणि त्याची अक्षरमांडणी वेगळी असे. त्या फॉन्टांत टंकलेले प्रबंध, नियतकालिकांचे अंक, संमेलनांच्या स्मरणिका आज उघडल्या की पडद्यावर चौकोन आणि रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. मजकूर आहे, पण दुभाष्या फॉन्ट नाही. लेखनाच्या बाबतीत झाले ते आता आवाजाच्या बाबतीत होत आहे. दोन्ही वेळी अर्थाचे उपासक 'हा तांत्रिक विषय' म्हणत बाजूला उभे होते.

इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. दुभाष्याची गरज ही काही आजची नाही. अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सांध्यावरच्या या कवीने लांबलचक वस्त्रावर 'पंचीकरण' लिहिले. ते वाचायला जुन्या मराठीची जाण हवी, जुने अक्षरवळण ओळखता यायला हवे. मोडी कागद वाचायलाही दुभाष्याच लागतो. विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी शाळांतून गेली, आणि लाखो कागद एका पिढीत मुके झाले. मग फरक काय? फरक हा, की मोडी कोणाच्या मालकीची नाही. ज्याला शिकायची त्याने शिकावी, वर्ग काढावेत, पुस्तके लिहावीत. 'मोडी वाचण्याचा अधिकार आमचाच' असे म्हणणारी कंपनी अस्तित्वात नाही. म्हणून मुके झालेले कागद पुन्हा बोलू शकतात, आणि बोलत आहेत. ड्रायव्हरची बोली ही मानवी इतिहासातली कदाचित अशी पहिलीच लिपी असेल, जी जन्मतःच गुप्त ठेवली जाते, मालक तिला वाऱ्यावर सोडतो आणि सोडल्यानंतरही दुसऱ्याला शिकू देत नाही. विस्मरण ही भाषेच्या इतिहासातली जुनी आपत्ती आहे. हे विस्मरण मात्र कुलूपबंद आहे.

त्यात दुसरे कुलूपही आहे. समजा, लातूरच्या किंवा नांदेडच्या एखाद्या हुशार विद्यार्थ्याने पेटीची बोली स्वतः उलगडली आणि ड्रायव्हर लिहिला. भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा त्याच्या आड येत नाही. दोन आज्ञावल्यांचा मेळ घालण्यासाठी लागणारी आणि अन्यथा सहज न मिळणारी माहिती शोधून काढण्याची मुभा त्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. पण २०१६ नंतरच्या विंडोजमध्ये, सिक्युअर बूट चालू असलेल्या नव्या संगणकावर, गाभ्यात शिरणाऱ्या नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची अंकीय स्वाक्षरी लागते. त्यासाठीची प्रमाणपत्रे आणि नोंदणी व्यावसायिक संस्थांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहेत. त्या विद्यार्थ्याने ती कोठून आणायची? म्हणजे कायदा दार उघडतो आणि यंत्र ते लावून घेते.

मुक्त सॉफ्टवेअरची सारी चळवळ अशाच एका दारावर डोके आपटून जन्माला आली, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्सचा लेसर प्रिंटर मिळाला. त्यात कागद सारखा अडके. कागद अडकला की सर्वांना संगणकावर सूचना मिळावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. त्यासाठी प्रिंटरच्या आज्ञावलीची मूळ संहिता हवी होती. ती जवळ असलेल्या दुसऱ्या विद्यापीठातल्या संशोधकाने, गुप्ततेचा करार केला आहे म्हणून, ती देण्यास नकार दिला. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली, तिच्या मुळाशी हा अनुभव होता. 'मूळ संहिता' हा शब्द आपल्या पाठचिकित्सेतला आहे. संहिता दडवली की चिकित्सा संपते. हे सूत्र ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांना लागू आहे तसे प्रिंटरलाही आहे.

लिनक्स हा आजचा सर्व रोगांवरचा उतारा आहे, असा आमचा दावा नाही. ज्या पेट्यांची बोली कोणी उलगडलेली नाही, तिथे लिनक्सही मुका आहे. महाविद्यालयाच्या कार्यालयातली इतर कामे विंडोजला बांधलेली असतात, तंत्रसाहाय्यकाला लिनक्सची सवय नसते, या अडचणी खऱ्या आहेत. पण खरेदीच्या वेळीच टाळता येईल असा मोठा भाग यात आहे. यूएसबी जोडणीतल्या ध्वनी-उपकरणांसाठी सर्वांना खुले असे समान मानक १९९८ पासून आहे, आणि त्याची दुसरी आवृत्ती २००६ ची आहे. या मानकानुसार बनवलेल्या पेटीला वेगळा दुभाष्या लागत नाही. प्रणालीतच असलेला सामान्य ड्रायव्हर तिची बोली जाणतो. विंडोजने या दुसऱ्या आवृत्तीला आपल्यात जागा द्यायला २०१७ साल उजाडवले, हा त्या कंपनीच्या कासवगतीचा नमुना. पण आता ती सोय आहे. असे असताना अनुदानाच्या पैशातून, स्वतःच्या खास ड्रायव्हरवाचून न चालणारी पेटी घ्यावी कशाला?

अनुदानाचा मुद्दा निघालाच आहे तर भाषा प्रयोगशाळांचेही बोलावे लागेल. मूल्यांकनाच्या काळात महाविद्यालयांत भाषा प्रयोगशाळा थाटण्याची लाट येऊन गेली. हेडफोन, नियंत्रणपेट्या, परवान्याने बांधलेली सॉफ्टवेअरे आली, उद्घाटने झाली, छायाचित्रे अहवालात गेली. त्यांपैकी किती प्रयोगशाळा प्रणाली बदलल्यावर चालू राहिल्या, हे प्रत्येकाने आपापल्या महाविद्यालयात जाऊन पाहावे. खरेदीच्या निविदेत खुर्चीच्या लाकडाची जात लिहिलेली असते. यंत्राचा ड्रायव्हर किती वर्षे मिळेल, याविषयी एक ओळ नसते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. गौरवाचे ढोल वाजले, ते वाजायलाच हवे होते. अभिजात भाषेचे संवर्धन म्हणजे केवळ ताम्रपट आणि पोथ्या नव्हेत. धर्मापुरीच्या त्या मावशींच्या आईचा आवाजही त्यात येतो, अशी आमची धारणा आहे. ती मान्य असेल तर मागण्या आपोआप निघतात.

पहिली: शासकीय किंवा विद्यापीठीय पैशातून घेतले जाणारे प्रत्येक ध्वनी-उपकरण खुल्या मानकानुसार, स्वतंत्र ड्रायव्हरविना चालणारे असावे. अपवाद करायचा तर कारण लेखी द्यावे.

दुसरी: निर्मात्याने ड्रायव्हर देणे थांबवल्यास उपकरणाचा तांत्रिक तपशील प्रसिद्ध करण्याचे बंधन विक्रीच्या करारातच असावे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या अधिकारा'साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे तिने प्रथम घेतली. त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळही सुरू झाले. दुरुस्ती म्हणजे केवळ स्क्रू आणि सुटे भाग नव्हेत, दुभाष्या परत मिळणे हीही दुरुस्तीच आहे, हे त्या चौकटीत स्पष्ट शब्दांत यावे.

तिसरी: प्रत्येक विद्यापीठाने जुनी प्रणाली, जुने संगणक आणि जुनी मुद्रण-उपकरणे चालू स्थितीत ठेवणारे एक केंद्र राखावे. त्याला महाजालापासून तोडून ठेवावे, म्हणजे सुरक्षेचा प्रश्न राहणार नाही. परिसरातल्या कोणत्याही महाविद्यालयाला आपल्या कॅसेटी तिथे नेऊन अंकीकरण करता यावे. भंगार म्हणून लिलावात निघणारे संगणक या कामाला पुरेसे आहेत. नवा निधी लागलाच तर तो वीज आणि एका माणसाच्या पगारापुरता लागेल.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काहीही नाही. यंत्र विकत घेणाऱ्याला ते चालवता यावे, एवढीच अपेक्षा आहे. पण ती मांडायची कोणी? संगणकशास्त्राच्या विभागाला कॅसेटीतली ओवी ठाऊक नाही. कंपनीला मराठवाडा ठाऊक नाही. ज्यांना दोन्हींचे मोल कळू शकते असा वर्ग एकच आहे, आणि तो वर्गावर मौखिक परंपरेचे धडे देतो. त्याने निदान पुढच्या खरेदी-समितीच्या बैठकीत, दरपत्रकावर सही करण्यापूर्वी, एक प्रश्न विचारावा: हे यंत्र तुम्ही सोडून दिल्यावर त्याची बोली आम्हांला मिळेल काय? उत्तर लेखी मिळेपर्यंत सही करू नये.